मानेसरची उपकारस्तुती

मयूर विहार, दिल्ली
९ फेब्रुवारी २०००

ति. सुहासिनीताईस,
सुधाकरचा सप्रेम सलाम, वि. वि.

आधी सांगून टाकतो की आम्ही तिघंही सुखरूप आहोत, म्हणजे तू पत्र हातात धरून धापा टाकत बसणार नाहीस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याचा तू भलताच अर्थ लावतेस.

सुखदाच्या कारखान्यात आग लागली. मानेसरचा तो मोटारींचे भाग करणारा कारखाना, जिथे ती इंजिनियर आहे आणि जिथे तिने जाऊ नये असं तू आणि मी दोघांनी सांगून पाहिलं होतं. पेंट शॉपमध्ये थिनरचे ड्रम पेटले. पुढचं दार आगीने अडलं, वीज बंद पडल्यामुळे मागचं शटर उघडेना, आणि आत तिच्यासकट तिच्या शिफ्टची सगळी माणसं. आपल्या पोरीने काय करावं? फोर्कलिफ्ट सुरू केली (माल उचलायची गाडी, पुढे दोन लोखंडी सुळे असतात), सुळे शटरच्या फटीत घातले आणि शटर वाकवून वर उचललं. माणसं खालून सरपटत बाहेर आली. इंग्रजी पेपरात फोटो आला आहे. आमच्या सोसायटीचे चेअरमन मिठाई घेऊन आले. प्रभा शिकवते त्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुलांना ही हकीकत सांगितली.

मी सगळ्यांना एकच उत्तर देतो, सब प्रभु की कृपा है. आपण कोण? येत्या रविवारी चर्चमध्ये मंडळीने उपकारस्तुती ठेवली आहे, प्रभूने काय केलं याची साक्ष मीच देणार. मार्चमध्ये कंपनीही सत्कार करणार आहे, परदेशी भागीदार यायचे आहेत. एक कामगार मात्र नंतर दवाखान्यात दगावला. देवाची इच्छा.

सुखदा जरा गप्प आहे, दमली असेल. तिला अभिनंदनाचे दोन शब्द लिही. प्रभाचा सलाम. लोभ आहेच, तो पोस्टाच्या चालीने का होईना, वाढत राहावा.

तुझा,
सुधाकर


जालना
१५ फेब्रुवारी २०००

चि. सुखदा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र मिळालं. त्यात पेपर आहे, चेअरमन आहेत, मिठाई आहे. जो माणूस गेला त्याला एक ओळ आहे. जन्मभर मी वॉर्डात राउंड घेतले. ज्या खाटेबद्दल कुणी बोलत नाही तिकडे आधी जायचं, ही सवय रिटायर होऊनही सुटत नाही.

त्या माणसाचं नाव काय? तुझ्या ओळखीचा होता का? जेवतेस की नुसतं ताटात चिवडतेस?

तू गप्प आहेस असं सुधाकर लिहितो. लहानपणी दिल्लीहून यायचीस तेव्हा माझे कान किटवायचीस. तेव्हा लिही. शुद्धलेखनाला घाबरू नकोस. तू ‘ळ’ च्या जागी ‘ल’ लिहिलास तरी मी समजून घेईन. इकडे थंडी ओसरली, शेवग्याला फुलं आली आहेत आणि माझे गुडघे त्यांच्या मर्जीप्रमाणे वागताहेत.

अभिनंदन नंतर करीन, घाई नाही. माझा जीव तुझ्याकडे लागला आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
आत्या


मयूर विहार
२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सलाम.

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते मम्मीला विचारणार होते, पण मग तिने पूर्ण पत्रच वाचलं असतं. म्हणून सरळ सलाम.

त्याचं नाव मुरलीधर. आमच्या घरात आजपर्यंत कुणी हे नाव विचारलं नव्हतं. तू जालन्यात बसून विचारलंस.

मुरलीधर पानिपतचा. घरात पिढ्यान् पिढ्या चादरी आणि कांबळी विणायचं काम. पावरलूमपुढे हातमाग टिकेना, म्हणून तो मानेसरला आला आणि फोर्कलिफ्ट चालवू लागला. आत्या, मला ती फोर्कलिफ्ट त्यानेच शिकवली. मी लंचच्या सुट्टीत शिकायचे. बाकीचे हसायचे, इंजिनियर मॅडमला ड्रायव्हर व्हायचंय म्हणून. तो अजिबात हसायचा नाही. मैडम, मशीन से डरना भी नहीं, अकड़ना भी नहीं, असं म्हणायचा आणि बाजूला उभा राहून माझ्या हातावर हात ठेवून लिव्हर कसा ओढायचा ते दाखवायचा.

आग लागली तेव्हा तो वरच्या स्टोअरमध्ये होता. मास्क आणायला मीच त्याला थोडा वेळ आधी वर पाठवलं होतं आणि नंतर विसरून गेले. बाहेर आल्यावर मोजणी केली तेव्हा एक जण कमी. मी परत आत जायला निघाले तर फायर ब्रिगेडवाल्यांनी धरून ठेवलं. तो त्यांना जिन्यात सापडला. हॉस्पिटलात दोन दिवस होता.

आता रविवारचं ऐक. पप्पा उठले आणि साक्ष दिली. म्हणाले की यात माझ्या मुलीचं काही नाही, ती फक्त निमित्त, तिच्या हाताने प्रभूनेच गाडी चालवली. सगळे जोरात आमेन म्हणाले. मी उठून बाहेर गेले आणि स्कूटरवर बसून राहिले.

माझं श्रेय घेतलं म्हणून राग आला असं समजू नकोस. (थोडा आला. तुला खोटं नाही सांगत.) पण बघ ना, पेपरने श्रेय मला दिलं, पप्पांनी देवाला दिलं, आणि ज्याने शिकवलं त्याला कुणी काहीच दिलं नाही. आणि देवच जर माझा हात हलवत होता, तर वर मुरलीधर आहे ही आठवण त्याने मला का नाही दिली? पप्पांचं नेहमी असंच असतं. माझी पहिली एंट्रन्स गेली तेव्हा ते म्हणाले, तू अभ्यास कमी केलास. दुसऱ्या वर्षी सीट मिळाली, तेव्हा म्हणाले, प्रभूची कृपा. पास देवाचा, फेल माझा. मग आता जे वाचले ते देवाचे आणि जो मेला तो माझा, असंच ना?

सत्काराला मी बिल्कुल जाणार नाही. कधी कधी वाटतं, नोकरी सोडावी आणि तुझ्याकडे येऊन शेवग्याखाली बसून राहावं.

तुझी,
सुखदा


मयूर विहार
२८ फेब्रुवारी २०००

ति. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

सुखदाने तुला पत्र लिहिल्याचं प्रभाकडून कळलं. काय लिहिलं असेल ते ओळखू शकतो. भर उपासनेतून ती उठून गेली. पाळकसाहेबांनी मला नंतर काळजीने विचारलं, की पोरगी दुखावली आहे का. मी काय सांगणार? घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी हवी का, तर नको. एवढंच.

मी काय चूक बोललो, तूच सांग. अण्णांनी आपल्याला हेच शिकवलं ना? शाळेतून बक्षीस आणलं की आधी गुडघ्यावर, मग आईला दाखवायचं. मला वक्तृत्वाचा कप मिळाला तेव्हा अण्णा म्हणाले होते की जीभ कुणी दिली ते आठव. यशाने माणूस फुगतो आणि फुगलेला माणूस देवाच्या उपयोगाचा राहत नाही, हे मी त्यांच्याकडून घेतलं. पेपरात फोटो आला तेव्हा मला पहिली भीती हीच वाटली.

आणि दुसरं सांगतो, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे स्कूटर घेऊन धौला कुआँच्या बसस्टॉपवर तिला घ्यायला गेलो होतो. कंपनीची बस आली, ती उतरली नाही. ड्रायव्हर म्हणाला, फैक्टरी में आग लगी है, साहब, बहुत बुरी. त्यापुढे त्याला काही ठाऊक नव्हतं. मी तिचं हेल्मेट हातात धरून उभा राहिलो. बसेस येत होत्या, जात होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कुणाच्या तरी जीपमधून ती उतरली, काळी झालेली, एक चप्पल नाही. ताई, माझ्या तोंडून देवाच्या नावाखेरीज काही निघेना. तिने काय पराक्रम केला ते तर मला दुसऱ्या दिवशी पेपरातून समजलं.

तू मोठी आहेस, तिला समजाव. ती तुझं ऐकते. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुधाकर


जालना
५ मार्च २०००

चि. सुधाकर आणि चि. सुखदा यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दोघांना मिळून आहे. प्रभाने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचावं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही मध्येच उठून जाता येणार नाही. प्रभा, तुझा आवाज शाळेत कमावलेला आहे, तो आज वापर.

आधी सुधाकर. धौला कुआँची हकीकत मला लिहिलीस, पोरीला सांगितलीस का? नाही ना? मग आत्ता सांग, पत्र बाजूला ठेवून सांग. मंडळीत तू जे बोललास ते अण्णांचं होतं. बसस्टॉपवर हेल्मेट धरून उभा होतास तेव्हा जे तुझ्या तोंडून निघालं ते तुझं होतं. तीच खरी साक्ष होती, आणि तीच तू घरी ठेवून गेलास. अरे, देवाला मोठं करायला पोरीला लहान करावं लागतं का? तो काय इतका गरजू आहे? तिला हात त्याने दिले, बुद्धी त्याने दिली, कबूल. पण भर दुपारी जेवण टाकून शिकायला उभी राहिली ती. ते पुसून टाकून जी नम्रता येते ती खोटी, आणि खोटं देवापुढे बोलू नये, एवढं अण्णांनीही शिकवलं होतं.

आता सुखदा. तुझा प्रश्न बरोबर आहे. पास देवाचा असेल तर फेलही त्याच्याकडेच न्यावं लागतं. देवाला श्रेय का द्यायचं हे मी प्रार्थनेच्या खोलीत नाही शिकले, बाळंतिणींच्या वॉर्डात शिकले. अडलेली बाई वाचली की नातेवाईक पाया पडायचे. मन फुगायचं. पण दोन दिवसांनी दुसरी बाई हातातून जायची, आणि हार घालून घ्यायला जो ‘मी’ पुढे झाला होता तोच ‘मी’ मला फाडून खायचा. हळूहळू उमजलं. हात स्वच्छ धुवायचे, येतं ते सगळं करायचं, काही राखून ठेवायचं नाही. आणि मग दोघींनाही, वाचलेलीला आणि गेलेलीला, त्याच्या ओटीत घालायचं. फक्त वाचलेल्याच त्याला दिल्या तर ती लबाडी. आणि गेलेल्या सगळ्या स्वतःकडे ठेवल्या तर माणूस दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर उभा राहू शकत नाही.

मुरलीधर वर आहे हे आठवायलाच हवं होतं, असं तुला वाटतं. बाळा, त्या धुरात सगळ्या जगाचं सगळं माझ्याच लक्षात राहायला हवं होतं, असं वाटण्यातही एक ‘मी’ आहे. तो रडतो आहे, म्हणून ओळखू येत नाही. तू देव नाहीस. ही शिक्षा नाही, ही सुटका आहे.

तो का गेला, मला ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे असं जे सांगतात त्यांच्याजवळ फार वेळ बसू नकोस.

तुम्ही दोघं पानिपतला जा. काही पटवून द्यायला नको, काही फेडायला नको. त्याच्याबरोबर काम केलेली मुलगी आणि तिचे वडील, एवढेच होऊन जा. आणि जालन्याला जरूर ये, पण पळून नको, रजा काढून ये.

भांडलात तरी माझी माया दोघांवर सारखीच राहील, तेव्हा भांडून काही मिळायचं नाही.

तुमची,
सुहासिनी


मयूर विहार
१३ मार्च

प्रिय आत्या,
सलाम.

मम्मीने पत्र वाचलं. ‘तो काय इतका गरजू आहे’ इथे तिला हसू आवरेना आणि पप्पा ताटाकडे बघत बसले. धौला कुआँचं त्यांनी मला पानिपतच्या बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत. मीही खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटत होतं, त्या दिवशी ते नेहमीसारखे येऊन उभे होते. एवढंच.

मुरलीधरचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. पुढच्या खोलीत हातमागाची जागा अजून तशीच आहे, नुसता खड्डा, त्यावर फळ्या टाकल्या आहेत. त्याची बायको संतोष. इकडे हरियाणात संतोष हे बाईचं नाव असतं, तू गोंधळू नकोस. माझ्याच वयाची आहे. सासू खाटेवर बसली होती.

संतोषने चहा ठेवला आणि पाठमोरी राहूनच विचारलं, मैडम, उसे किसी ने आवाज दी थी? मला बसमध्ये पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मी खरं ते सांगितलं. मी सगळ्यांना ओरडून बोलावलं, पण त्याचं नाव घेऊन हाक मारली नाही, कारण तो वर आहे हे मी विसरले होते. चहा उतू गेला. मग तिने तो गाळला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली की जो येतो तो सांगतो, त्याला काही कळलंच नाही, त्याला त्रास झालाच नाही. तुम्ही तरी सरळ बोललात. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आत्या. पण मला उठून जा असंही म्हणाली नाही.

नंतर तिने विचारलं, तो कामावर कसा होता? हे तिला कुणी सांगतच नाही. मी फोर्कलिफ्टचं सांगितलं, तो कसा शिकवायचा ते. ती ओढणी तोंडावर धरून एकदम हसली. म्हणाली, त्याला साधी सायकल सरळ चालवता येत नव्हती, दोनदा नाल्यात पडला होता! सासूही हसली, आणि मग दोघी रडल्या.

निघताना पप्पांनी विचारलं, मी प्रार्थना केली तर चालेल का. सासू म्हणाली, करो जी, मना किसने किया. मी मनातल्या मनात घाबरले. आता ‘इच्छा’ येणार, ‘कृपा’ येणार. तुला माहीत आहे, पप्पा सुरू झाले की अर्धा तास. पण ते एवढंच म्हणाले, प्रभु, मेरी बेटी के हाथ पर मुरलीधर का हाथ था. मुझे मालूम नहीं था. आमेन मी म्हटलं.

सत्काराला जायचं ठरवलं आहे. आमच्या पर्सोनेल मॅनेजरने काल बोलावून सांगितलं की परदेशी पाहुणे येणार, भाषण छोटं आणि खुशीचं असू द्या, त्या मृत्यूचा विषय नको. लिहून तयार केलेला कागदही दिला. मी ऐकून घेतलं. हो म्हटलं नाही.

तू म्हणतेस ती सुटका अजून पूर्ण नाही आली. पण काल पोळ्या पोटभर खाल्ल्या. तुझी आठवण येते, हे लिहायचं काही खास मराठी वाक्य असतं का? नसेल तर हेच चालव.

तुझी,
सुखदा


मयूर विहार
२६ मार्च २०००

ति. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

सत्कार काल झाला. प्रभाला शाळेच्या परीक्षेमुळे येता आलं नाही, म्हणून तिच्यासाठी आणि तुझ्यासाठी दोन्ही डोळे उघडे ठेवून बसलो होतो.

कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. पुढे साहेब लोक, मागे कामगार. सुखदाला शाल दिली. मग ती बोलायला उभी राहिली, हातातल्या कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवली.

ती म्हणाली की मी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. मी फोर्कलिफ्ट चालवली. पण ती मला मुरलीधरने शिकवली, त्याचं जेवण थंड होऊ देऊन. तो वर राहिला आणि मला आठवलं नाही. त्याला आणि मला ज्याने हात दिले, त्या प्रभूचे मी आभार मानते. आणि मुरलीधर का गेला हे रोज त्यालाच विचारते. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, तरी मी आभार मानते. एवढं बोलून ती खाली बसली.

आधी मागे एक कामगार उभा राहिला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळेच. परदेशी पाहुण्यांनी दुभाष्याला मुरलीधरचं नाव पुन्हा विचारलं आणि दोनतीनदा म्हणून पाहिलं. ते त्यांच्या जिभेवर नीट बसेना, पण त्यांनी सोडलं नाही. पर्सोनेल मॅनेजरने मात्र जाताना तिच्याकडे बघितलं नाही. तिला बहुतेक दुसऱ्या विभागात टाकतील, असं ती म्हणते. बघू म्हणते. वरच्या स्टोअरला बाहेरून लोखंडी जिना बसवायचं काम सुरू झालं आहे, ते मी जाताना स्वतः पाहून आलो.

मंडळीत पुढचे काही रविवार मी साक्ष देणार नाही. पाळकसाहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, सुधाकरभाऊ, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, थोडं ऐकायला बसतो.

परत येताना आम्ही कंपनीच्या बसमध्ये होतो. मानेसर सुटतं न सुटतं तोच सुखदाने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. अशी झोपली की शाल घसरून खाली पडली तरी कळलं नाही. शाळेत जायला लागल्यापासून ती माझ्या खांद्यावर कधी झोपली नव्हती. पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून सांगायला लागली, बेटी हो तो ऐसी, साहब. माझं ठरलेलं उत्तर ओठावर आलं होतं. पण बोललो असतो तर ती जागी झाली असती. म्हणून मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांना समजलं, ते पुढे वळले.

गुडगावच्या नव्या इमारती मागे पडल्या. माझा खांदा बधिर झाला, हातात मुंग्या आल्या. ना पोरीची स्तुती केली, ना देवाची. नुसता न हलता बसून राहिलो. तू विचारलंस तर सांगेन, जन्मात एवढी चांगली प्रार्थना मी केलेली नाही.

तुझ्या गुडघ्यांना आमचा सलाम सांग. लोभ असाच कान उपटत राहावा.

तुझा,
सुधाकर